सोळा अंशांवरचा हलवा

आमच्या सोसायटीत मुलाचा वाढदिवस मुलासाठी असतो, ही माझी समजूत पहिल्याच वर्षी दूर झाली. बी विंगमधल्या एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही गेलो होतो. दारात फुग्यांची कमान, कमानीला टांगलेले बारा महिन्यांचे बारा फोटो, आत प्लायवूडचा पुरुषभर उंच जिराफ आणि जिराफाच्या पायाशी एक वेगळा छोटा केक. हा केक कापायचा नव्हता. तो मुलीने हातांनी चिवडायचा होता आणि ते चिवडणं शूट करायचं होतं. मुलीला ही कल्पना पटली नाही. ती केककडे पाठ करून बसली. शेवटी आईने तिचा हात धरून क्रीममध्ये खुपसला, तेव्हा मुलीने तो हात वर धरला आणि कुणीतरी पुसून देईल म्हणून शांतपणे वाट बघत राहिली. सगळ्या कार्यक्रमात तेवढीच एक व्यक्ती मला समंजस वाटली.

घरी येऊन मी नवऱ्याला भाषण दिलं. देखावा, दिखाऊपणा, मुलांचं बाहुलं करणं वगैरे. तो सामोशांपाशी उभा राहून आला होता. पार्टीत बाबा मंडळींची जागा तिथेच असते, आणि जिराफाची मान वाकडी आहे म्हणून त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

"मग पुढच्या वेळी जाऊ नकोस," तो म्हणाला.

"न जाऊन कसं चालेल?"

त्याने टीव्ही लावला.

त्यानंतर दीड वर्ष मी बोरिवली पश्चिमेला जितके म्हणून वाढदिवस होतात, त्यांची साक्षीदार झाले. आमच्या मुलाचा दुसरा वाढदिवस मी घरात, साध्या केकवर आणि औक्षणावर उरकला आणि ते चारचौघींत दोन-तीनदा सांगितलंही. साधेपणाचा एक तोटा असा की तो कुणाच्या आपोआप लक्षात येत नाही, सांगावा लागतो.

मग जानेवारी आला. आयांच्या ग्रुपवर बी विंगच्या त्याच आईचा, म्हणजे जिराफवालीचा, मेसेज आला. यंदा सहा लहान मुलांचं बोरन्हाण एकत्र करू या. रथसप्तमीच्या आधीचा रविवार, क्लब हाऊस, मागे पतंगांचा पडदा, मुलांना काळे कपडे, आयांना काळ्या साड्या, फोटोग्राफर ठरवला आहे, हलव्याचे दागिने भाड्याने मिळतात. खाली दागिन्यांचे फोटो होते. पांढरेशुभ्र, एकसारखे गोल मणी.

बोरन्हाण हा खरं तर फार बिनखर्ची प्रकार. पोराला पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते वेचून पळायचं. यात पडदा कुठे लावतात, असा मला प्रश्न पडला. संध्याकाळी खाली बाकावर सगळ्या जमल्या होत्या, तिथे मी तो जरा वेगळ्या शब्दांत विचारला.

"हे प्लास्टिकचे मणी आहेत गं. यात हलवा कुठंय?"

"अगं, खरे कोण भाड्याने देणार?" जिराफवाली म्हणाली. "मुलं खाऊन टाकतील ना. फोटोत काय कळतंय?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण 'फोटोत काय कळतंय' हे वाक्य मला झोंबलं.

"आमच्याकडे घरी करतात," मी म्हणाले.

"काय, हलवा?"

"दागिने. सासूबाई करतात. पहिल्यापासून."

जिराफवालीने माझे दोन्ही हात धरले. "सहाही मुलांचे करतील? प्लीज यार! एकदम ऑथेंटिक होईल!"

सी विंगमधल्या आमच्या सहाव्या मजल्यावर लिफ्ट पोचेपर्यंत ग्रुपवर टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग लागली होती.

माझ्या बोलण्याला आधार होता एका फोटोचा. आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर माझ्या नवऱ्याचा दोन वर्षांचा असतानाचा फोटो आहे. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, हातात हलव्याची बासरी, आणि डोळ्यांत पाणी. हळवं मूल, असं मी लग्न झाल्यापासून समजत आले. तो मुकुट मी जितक्या वेळा बघितला, तितक्या वेळा मनाशी म्हटलं होतं की बघा, त्या काळच्या आया. दहा बाय बाराची खोली, सासरे गिरणीत पाळीवर, आणि तरी हाताने एकेक दाणा ओवून पोराला नटवलं. ना पडदा, ना जिराफ.

सासूबाई मटार सोलत होत्या.

"आई, तुम्ही हलव्याचे दागिने कसे करायचात?"

"कोण, मी?"

"हे काय, फोटोत आहेत ना."

त्यांनी चष्मा वर करून फोटोकडे बघितलं. "ते होय! ते स्टुडिओवाल्याचे गो."

मी खाली बसले. त्या सोलता सोलता सांगत गेल्या. लालबागला एक स्टुडिओवाला होता. संक्रांत आली की तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून हलव्याचा एक सेट बाहेर काढायचा. एकच सेट. सगळ्या बायका पोरांना काळे कपडे घालून, पावडर लावून रांगेत उभ्या. एका पोराच्या डोक्यावरचा मुकुट काढायचा, रुमालाने पुसायचा, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा.

"आणि मागे हा जिना आहे तो?"

"पडद्यावर रंगवलेला. चंद्रपण."

चंद्र मी नीट बघितलाच नव्हता.

"आणि हा रडतोय का?"

सासूबाईंचे हात थांबले. "मुकुटाचा दाणा काढून खाल्ला त्याने. स्टुडिओवाला ओरडला. मागे सगळ्या बाया उभ्या, सगळ्या बघतायत. मला अशी लाज वाटली! दिली एक ठेवून." त्यांनी मटाराची शेंग फोटोकडे रोखली. "डावा गाल बघ. जरा जास्त लाल असणार. फोटो काळा-पांढरा, म्हणून वाचले."

छत्तीस वर्षं त्या हा फोटो पुसत आल्या होत्या. आणि माझं साधेपणाचं सगळं तत्त्वज्ञान त्याच खिळ्यावर टांगलेलं होतं. पडदा होता, भाड्याचा मुकुट होता, बघणाऱ्या बायका होत्या. जिराफ तेवढा नव्हता.

"आई, मी खाली सांगून बसलेय की तुम्ही घरी करता. सहा मुलांचे."

"अगो, मला विचारायचं तरी!"

"ग्रुपवर कळवते, जमणार नाही म्हणून."

"कशाला? तोंडातून गेलंय ना? आता करायचं."

"तुम्हाला येतं?"

"नाय. तुला तरी कुठे येतं?"

हातात अकरा दिवस होते. सासूबाईंच्या मुलुंडच्या मावसबहिणीने फोनवर कृती सांगितली, आणि ती ऐकायला फार सोपी होती. परातीत मंद आचेवर तीळ घ्यायचे, चमच्याने साखरेच्या पाकाचे चार-चार थेंब टाकायचे आणि बोटांनी हलवत राहायचं. वाळले की पुन्हा थेंब, पुन्हा हलवणं. असं तीन-चार दिवस. मग प्रत्येक तिळावर पांढरा काटा फुलतो. "पण थंडी हवी हां," मावशी म्हणाल्या. "थंडी नसेल तर काटा यायचा नाही. गुळगुळीत गोळ्या होतील."

त्या जानेवारीत बोरिवलीला थंडी पडली नाही. पहाटे तासभर पडल्यासारखी वाटायची, पण वॉचमनने स्वेटर काढला की संपायची. पहिल्या दिवशी आमचे सगळे तीळ एकमेकांना चिकटले आणि चिक्की झाली. दुसऱ्या दिवशी दाणे सुटे राहिले, पण मुलुंडने सांगितलं होतं तसे गुळगुळीत. तिसऱ्या दिवशी पाकात घामाचा थेंब पडला. कुणाचा ते आम्ही ठरवलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या खोलीतला एसी किती थंड होतो?"

या बाईंनी आमच्या घरात एसीशी आठ वर्षं वैर धरलं होतं. त्यांच्या मते गुडघे, सर्दी, लाइट बिल आणि तरुण पिढीचा आळस ही सगळी त्याचीच करणी होती. त्या दिवशी त्यांनी स्वतः रिमोट हातात घेतला, सोळावर नेला आणि गादी उभी करून पलंगाच्या फळीवर विजेची शेगडी मांडली. स्वतःचा स्वेटर घातला. वर कानटोपी. मी शाल गुंडाळली. खाली शेगडी तापवत होती, वर एसी गारवत होता, आणि दोघांच्या मधे आम्ही परातीत बोटं फिरवत होतो. बोटं भाजत होती आणि पाय गारठत होते.

मी घरून पुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं काम करते. त्या आठवड्यात डाव्या हाताला एका कादंबरीची मुद्रितं होती आणि उजव्या हाताला परात. कादंबरीत नायक पाच प्रकरणं झाली तरी निर्णय घेत नव्हता. तिळांची गती त्याच्यापेक्षा बरी होती.

दुपारी नवरा लवकर घरी आला. बेडरूमचं दार उघडून तो तसाच उभा राहिला.

"काश्मीरला गेलात आणि मला सांगितलं नाहीत?"

"दार लाव आधी!" सासूबाई कानटोपीतून ओरडल्या. "थंडी बाहेर जातेय!"

हे वाक्य त्याने आठ वर्षं त्यांना ऐकवलं होतं. तो दार लावून गेला आणि हॉलमध्ये बराच वेळ एकटाच हसत राहिला.

सहाव्या दिवशी काटा आला. मी परात खिडकीशी नेली. तिळावर बारीक पांढरे कंगोरे उभे राहिले होते, जरा वेडेवाकडे, पण उभे. सासूबाईंनी एक दाणा तळहातावर घेतला आणि चष्मा वर करून बघितला. मग म्हणाल्या, "झकास." हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

खरं सांगायचं तर तेव्हापासून माझ्या मनात एक चित्र तयार झालं. आमचं पोर काळ्या झबल्यात, डोक्यावर हा मुकुट, हातात बासरी, आणि हा फोटो त्याच्या बापाच्या फोटोशेजारी. मी हे कुणालाही सांगितलं नाही. ज्या बाईने जिराफावर भाषण दिलं होतं, तिला हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

पण हलवा करणं आणि सहा मुलांना पुरणं यांत फार अंतर असतं. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे स्टीलचा एक डबा भरला होता. त्यातला एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवत, पुठ्ठ्यावर मैद्याच्या खळीने चिकटवत आम्ही शनिवार सकाळपर्यंत एक मुकुट, एक हार आणि एक बासरी केली. डब्याच्या तळाशी मूठभर दाणे उरले. मुलं सहा होती आणि कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता.

"एक सेट बास झाला," सासूबाई म्हणाल्या. "अख्ख्या लालबागला पुरला होता."

"पण मी सहा म्हणाले होते."

"मग सांग जा. मी म्हटलेलं नाय सहा."

मी ग्रुपवर चार वेळा मेसेज लिहिला आणि चार वेळा पुसला. शेवटी बी विंगमध्ये गेले. जिराफवालीने दार उघडलं तेव्हा तिच्या कपाळाला गुळाचा एक लांब ओघळ लागला होता आणि घरात जळका वास होता. मी दारातच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दागिने एकच. सासूबाईंनी जन्मात केले नव्हते. स्टुडिओवाल्याचे होते. मी बढाई मारली.

तिने हातातला झारा खाली ठेवला. मग भिंतीला टेकली आणि खाली बसली.

"थँक गॉड यार," ती म्हणाली. "तू 'घरी करतात' म्हणालीस ना, त्या दिवसापासून माझी वाट लागलीय. मला वाटलं, आता विकतचा तिळगूळ कुठल्या तोंडाने ठेवू? हा तिसरा घाणा जळला. ए विंगवाली काळी झबली हाताने शिवतेय. तिला शिवता येत नाही. शेजारची रोज माझ्याकडे येऊन विचारते, बोरं घरी कशी पिकवायची."

"काहीतरीच!"

"शेवटचं मी जोडलं. बाकी खरंय."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. दीड वर्ष मी ज्या ओझ्याची टिंगल करत होते, त्यातलं या वर्षीचं ओझं माझ्याच घरून गेलं होतं, तेही 'साधेपणा' असं लेबल लावून. जिराफाचं निदान तसं नव्हतं. तो उघडपणे जिराफ होता.

"त्या वाढदिवसाच्या दिवशी तू काय खाल्लं होतंस?" मी विचारलं.

"जिराफाच्या दिवशी? काही नाही. रात्री उरलेला केक. तोच, चिवडायचा. तिने कुठे चिवडला!"

आम्ही जळक्या तिळगुळाचे कडेचे तुकडे काढून खाल्ले. कडा बऱ्या लागत होत्या.

रविवारी क्लब हाऊसमध्ये पतंगांचा पडदा लागला होता, आणि मला मान्य करावं लागेल की तो छान होता. सहा मुलं काळ्या कपड्यांत ओळीने बसली. ए विंगच्या झबल्याची एक बाही दुसरीपेक्षा लांब होती. सासूबाई पत्र्याचा डबा घेऊन आल्या, त्यांनी मुकुट बाहेर काढला आणि रुमाल कमरेला खोचला. छत्तीस वर्षांपूर्वी ज्याच्यासमोर लाज वाटली, त्या स्टुडिओवाल्याच्या जागी आता त्या स्वतः उभ्या होत्या.

"पाहुण्यांची मुलं आधी," त्यांनी जाहीर केलं. "आपला शेवटी."

मी मुकुटावरचे दाणे नजरेने मोजले.

पहिल्या मुलीने, तीच ती समंजस, मुकुट घालून गंभीरपणे फोटो काढून घेतला. बोरं, चुरमुरे ओतले गेले. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, पडताना नीट नाही आलं, परत ओता ना." मग पाच काळ्या साड्यांनी जमिनीवर बसून चुरमुरे वेचले आणि पुन्हा ओतले. दुसऱ्या मुलाने जीभ बाहेर काढून कपाळावर लोंबणारा दाणा चाटला आणि त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या शास्त्रज्ञाचा भाव आला. सेट भाड्याचा असता तर संशोधन तिथेच थांबलं असतं. हा निष्कर्ष ओळीतून पुढे कसा गेला ते मला कळलं नाही, पण तिसरा बसला तो बासरीचं टोक तोंडात घालूनच. चौथ्याने हार चावला. पाचवीने मुकुट डोक्यावर ठेवूच दिला नाही, मांडीवर घेतला आणि जेवायला बसावं तशी बसली.

"अगं, अगं, नको ना!" तिची आई धावली आणि तिने घाबरून माझ्याकडे बघितलं. "सॉरी गं, इतकी मेहनत तुमची..."

आमच्या पोराची पाळी आली तेव्हा मुकुटावर डावीकडे सात-आठ दाणे होते, उजवीकडे उघडा पुठ्ठा. हाराचा दोरा. बासरी म्हणून एक काडी. मी मोबाइल हातात धरून उभी होते. सासूबाईंनी मुकुट पुसला, त्याच्या डोक्यावर ठेवला. त्याने तो लगेच काढला आणि उरलेल्या दाण्यांकडे बघू लागला.

"अरे, डोक्यावर. डोक्यावर ठेव ना बाळा, एकच मिनिट," मी म्हणाले. माझा आवाज मला ऐकू आला. केकमध्ये हात खुपसताना जिराफवालीचा असाच आला होता. मागे पाच बायका उभ्या होत्या, सगळ्या बघत होत्या.

पोराने दाणा दातात धरला आणि थांबून आजीकडे बघितलं. सासूबाईंचा हात वर उठला. त्या हाताने त्यांनी मुकुटावरचा दुसरा दाणा दोऱ्यातून सोडवला आणि त्याच्या तोंडात घातला.

"खा," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाचे राहिले होते."

मग त्यांनी उरलेला मुकुट मोडून सहाही मुलांना वाटला. फोटोग्राफरचा कॅमेरा खाली होता, त्यामुळे याचा एकही फोटो नाही. माझ्या मोबाइलमध्ये एक आहे, जरा हललेला: आजीचा हात, पोराचं उघडं तोंड, आणि मागे पतंगांच्या पडद्याचा एक कोपरा.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. पहिल्या मुलीच्या फोटोखाली तिच्या आत्याने लिहिलं होतं, 'मुकुट काय सुंदर! कुठून भाड्याने आणला?' जिराफवालीने उत्तर दिलं, 'सी विंगमधून. आता शिल्लक नाही.'

सासूबाईंनी एसी बंद करून रिमोट कपाटावर टाकला आणि गुडघे दुखतात म्हणून मला दोन गोष्टी ऐकवल्या. मग टेबलावरचा स्टीलचा डबा उघडला. तळाला ते मूठभर दाणे तसेच होते. नवरा टीव्ही बघत होता. त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, तो दोन वर्षांचा रडत होता. सासूबाईंनी डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने एक दाणा उचलला, आधी आईकडे बघितलं, आणि मगच तोंडात टाकला.